कांचेच्या तळ्याचा राखणदार

सोलापूर शहराच्या उत्तरेस पांच-सहा मैलांवर हिप्परग्याचा तलाव आहे. सरकारी कागदांत त्याचें नांव एकरुख तलाव. आदिला नदीला मातीचा बांध घालून १८६६ ते १८७१ या काळांत तो बांधण्यांत आला. अशा तलावाच्या बांधावर उभें राहून पाहणाऱ्याला पाणी राखणाऱ्या दोन रचना दिसतात. एक मोरी. तिचें दार माणसानें उचललें म्हणजे पाणी कालव्यांत उतरतें, खालीं केलें म्हणजे थांबतें. दुसरा सांडवा. त्याला दार नाहीं, किल्ली नाहीं, आणि त्याच्यावर पाटकरीही नेमलेला नाहीं. पाणी ठराविक रेषेच्या वर चढलें कीं तें आपण होऊन सांडतें. मोरीवरचा माणूस झोपी गेला, आजारी पडला किंवा त्यानें चुकून दार बंद ठेवलें, तरी बांध फुटत नाहीं. कारण शेवटची राखण कोणाच्या जागेपणावर सोपविलेलीच नाहीं.

हा मोठ्या तळ्याचा न्याय लहान तळ्यालाही लागू पडतो. पाणी साठविणें सोपें. साठविलेल्या पाण्यांत जीव जगविणें अवघड. सोलापुरांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो, समुद्र शेकडो मैल दूर आहे, आणि नळाचें पाणी कित्येक वर्षें अनेक दिवसांआड येत आलेलें आहे. अशा गांवीं दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत मासे, आणि क्वचित् खाऱ्या पाण्यांतील प्रवाळें, बाळगण्याची हौस ज्यांना जडली, त्यांना पेटीवर रात्रंदिवस डोळा ठेवावा लागतो. हा डोळा ठेवण्याचें काम अलीकडे एका लहानशा विद्युत्-यंत्राकडे सोपविलें जातें. त्याला बाजारांत ॲक्वेरियम कंट्रोलर म्हणतात. मराठींत त्याला नियंत्रक म्हणावें. कोणता नियंत्रक विश्वासाचा, आणि एकदां घेतलेला टाकून दुसऱ्या कंपनीचा घ्यावा कीं काय, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खरेदी-विक्रीचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर जाहिरातींपेक्षां इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें.

कांचेंत पाणी भरून जलचर जगविण्याचा शास्त्रीय उद्योग फार जुना नाहीं. जान व्हिलप्र-पॉवर नांवाच्या फ्रेंच विदुषीनें १८३२ सालीं सिसिली बेटावर सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठीं कांचेच्या पेट्या तयार करविल्या. पुढें १८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें लंडनला आणलीं. लंडन समुद्रापासून दूर. ताजें खारें पाणी रोज कोठून आणावें? तेव्हां तिनें निराळा उपाय योजला. घरांतील मोलकरीण उघड्या खिडकीपुढें उभी राही आणि तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत वारंवार ओती. असें रोज अर्धा-पाऊण तास चाले. पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळें जगत. या हौसेच्या इतिहासांत त्या मोलकरणीचें नांव उरलें नाहीं. परंतु पाण्याच्या पेटीची पहिली नियंत्रक तीच. एक दिवस ती कामावर आली नसती तर काय झालें असतें, हा प्रश्न तेव्हांही होता आणि आजही तोच आहे.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सोनेरी मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई हीं तिन्ही एकत्र ठेवलीं असतां वनस्पति प्राणवायु देतात, गोगलगाई कुजलेलीं पानें खातात आणि पाणी दीर्घकाळ निर्मळ राहतें, असें त्यानें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें स्वतंत्र घर उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यानें या विषयावर ग्रंथ लिहून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरीं पोहोंचविला. इंग्लंडांत या हौसेची एकच लाट उसळली, आणि थोड्याच वर्षांत ती ओसरलीही. कारण उघड होतें. पेटी विकत घेणारे पुष्कळ होते. ती रोज सांभाळणारे थोडे होते. नव्याचे नऊ दिवस सरले, पाणी हिरवें झालें, मासे मेले आणि पेट्या अडगळींत गेल्या.

सार्वजनिक मत्स्यालयें मात्र टिकलीं, कारण तेथें पगारी माणसें होतीं. १८७० नंतरच्या दशकांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयांत विल्यम आल्फर्ड लॉइड यानें जमिनीखालीं अंधारा मोठा हौद बांधून, त्यांतील पाणी पंपानें सतत खेळविण्याची पद्धति अंमलांत आणली. हिंदुस्थानांत मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं मत्स्यालय सुरू झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें बंद पडलें. महाराष्ट्रांतील प्रसिद्ध मत्स्यालय म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय. तारापोरवाला यांच्या देणगीच्या साहाय्यानें तें उभें राहिलें आणि १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. नूतनीकरणानंतर २०१५ सालीं तें पुन्हां उघडलें, तेव्हां पारदर्शक बोगद्यांतून चालत मासे पाहण्याची सोय तेथें झालेली होती. मुंबईच्या मत्स्यालयाला समुद्र उंबरठ्याशीं होता आणि राखणीला नोकरवर्ग होता. सोलापूरच्या हौशी गृहस्थाला यांतील एकही गोष्ट लाभत नाहीं. गोड पाणी गाळून, त्यांत विकतचें मीठ मोजून घालून त्याला आपला समुद्र घरींच तयार करावा लागतो. आणि तो दिवसभर दुकानांत किंवा कचेरींत असतो. म्हणून त्याला यांत्रिक राखणदार हवा असतो.

या यांत्रिक राखणदाराची वंशावळ माशांच्या हौसेहून कितीतरी जुनी आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत ॲलेक्झांड्रिया येथें क्टेसिबियस नांवाचा कारागीर होऊन गेला. त्यानें आपल्या जलघड्याळांत तरंगणारा गोळा बसविला. पाणी वाढलें कीं गोळा वर येऊन आंत येणारी धार बंद करी. पाणी उतरलें कीं धार पुन्हां सुरू होई. सोलापुरांतील प्रत्येक घराच्या गच्चीवरील टांकींत जो चेंडूचा नळ असतो, तो त्याच कल्पनेचा वंशज. पाहणारा आणि करणारा एकच असावा, पाण्यानेंच पाण्याला आवरावें, हें त्या कल्पनेचें मर्म होय.

उष्णतेला आवरण्याची युक्ति त्यानंतर पुष्कळ शतकांनीं सांपडली. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल नांवाच्या डच कारागिरानें अंडीं उबविण्यासाठीं एक भट्टी केली. भट्टी तापली कीं नळींतील मद्यार्क फुगे, तो पाऱ्याला ढकली, पारा एका दांडीला उचली, आणि दांडी धुराड्याचें झांकण लावून आग मंद करी. १८३० सालीं अँड्र्यू यूर यानें दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडून, उष्णतेनें त्या वांकतात या गुणाचा उपयोग केला आणि आपल्या युक्तीला ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें. माशांच्या पेटींतील साध्या हीटरमध्यें आजही अशीच वांकणारी पट्टी पुष्कळदां असते.

वेगाला आवरणारें यंत्र सोलापूरला फार परिचयाचें होतें. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे बसविले. इंजिन जोरानें फिरूं लागलें कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेचें दार आवळीत. मंद झालें कीं गोळे आंत येत आणि दार सैल करीत. १८७७ सालीं सोलापुरांत ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. त्या काळच्या कापडगिरण्यांना असेंच नियामक बसविलेलें इंजिन हाकीत असे. सूत एकसारखें निघावयाचें तर वेग एकसारखा हवा, आणि वेग एकसारखा ठेवण्याचें काम त्या फिरत्या गोळ्यांचें. परंतु हे गोळेही नेहमीं शहाणपणानें वागत नसत. कांहीं इंजिनें वेग सांवरण्याच्या भरांत एकदां अति मंद तर एकदां अति जलद अशीं हेलकावे खाऊं लागत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञानें १८६८ सालीं या हेलकाव्यांचें गणित मांडलें. राखणदार फार उतावळा झाला तर तो दोष नाहींसा करण्याऐवजीं वाढवितो, हा त्या गणिताचा आशय. माशांच्या पेटीवर पंखा २७ अंशांला सुरू आणि २६.९ अंशांला बंद असा बसविला तर तो दिवसभर खटखट करीत राहतो व त्याचा स्विच झिजतो. दोन मर्यादांमध्यें अर्ध्या अंशाचें तरी अंतर सोडावें, हा अनुभवाचा नियम याच धोरणाचा आहे.

यापुढचा धडा मागाच्या कोठींतून आला, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. जपानांतील साकिची टोयोडा यानें १९२४ सालीं पूर्ण केलेला स्वयंचलित माग केवळ जलद विणीत होता म्हणून गाजला नाहीं. सूत तुटलें कीं तो आपण होऊन थांबे, हा त्याचा मोठा गुण. न थांबणारा माग तुटल्या सुतानें वारच्या वार कापड बिघडवीत जातो. थांबणारा माग केवळ वेळ दवडतो. वेळ भरून काढतां येतो, बिघडलेलें कापड भरून काढतां येत नाहीं. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापूरकरांना हें तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. यंत्र चांगलें कीं वाईट हें तें चालतांना कसें चालतें यावरून जितकें ठरतें, त्याहून अधिक तें बिघडतांना कसें बिघडतें यावरून ठरतें.

आतां आजच्या नियंत्रकाकडे वळावें. त्यांत वरील सर्व घराणीं एकत्र आलेलीं आहेत. आम्लता मोजण्याची पीएच ही श्रेणी कोपनहेगन येथें सॉरेनसेन यानें १९०९ सालीं सुचविली. कॅलिफोर्नियांतील लिंबांच्या रसाची आम्लता मोजण्यासाठीं आर्नोल्ड बेकमन यानें १९३४ सालीं तिचें सुटसुटीत विद्युत्-यंत्र तयार केलें. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें एका चिमुकल्या तुकड्यावर गणकयंत्राचा मेंदू बसविला. या सर्वांचा मेळ बसून विसाव्या शतकाच्या अखेरीस मत्स्यपेटीचे नियंत्रक बाजारांत येऊं लागले. अमेरिकेंतील नेपच्यून सिस्टिम्सचा ‘अपेक्स’, जर्मनींतील जीएचएलचा ‘प्रोफिलक्स’, कोरलव्ह्यू कंपनीचा ‘हायड्रोस’ हीं त्यांतील नामांकित नांवें. यांखेरीज रास्पबेरी पाय या स्वस्त गणकयंत्रावर चालणारी ‘रीफ-पाय’ नांवाची मुक्त आज्ञावली आहे. तिचा आराखडा कोणालाही पाहतां येतो व बदलतां येतो.

यांचें काम तत्त्वतः सारखेंच. पाण्यांत बुडविलेल्या शलाका तपमान, आम्लता आणि क्षारता मोजतात. मधली पेटी त्या आंकड्यांची ठरविलेल्या मर्यादांशीं तुलना करते. मग ती हीटर, पंखा, पंप, दिवा आणि वरून पाणी घालणारी मोटर यांच्या कळा दाबते किंवा सोडते, आणि मालकाच्या फोनवर वर्दी देते. सोलापुरांत यांतील प्रत्येक कामाला स्थानिक अर्थ आहे. २० अंश सेल्सियसच्या एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांच्या पाण्यांत तो सुमारें साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे मे महिन्यांत माशाला श्वास अधिक लागतो त्याच वेळीं पाण्यांत तो कमी असतो. पंखा लावला तर माठाच्या न्यायानें पाणी निवतें. परंतु तें आटतेंही. पाणी आटलें तरी मीठ मागेंच राहतें, म्हणून खाऱ्या पाण्याची पेटी दिवसेंदिवस अधिक खारट होते. तेव्हां आटलेलें गोड पाणी भरून काढणारी मोटर हवी. एक उपाय दुसऱ्या उपायाची गरज निर्माण करतो, आणि राखणदाराचें काम वाढत जातें.

काम वाढलें म्हणजे चुकीची जागाही वाढते. हीटरची कळ दाबलेल्या स्थितींत चिकटून बसली तर पाणी तापतच राहतें आणि मासे शिजून मरतात. तपमानाची शलाका पाण्याबाहेर निसटली तर नियंत्रक पाण्याऐवजीं हवेचें तपमान वाचूं लागतो. जानेवारीच्या पहाटे ती शलाका ‘थंडी आहे’ असें सांगते, नियंत्रक इमानें-इतबारें हीटर चालू करतो, आणि पाणी उकाड्याला जातें. पाणी घालणारा तरंगता गोळा गोगलगाईनें अडकविला तर गोड पाण्याचा पूर लोटतो. आम्लतेची शलाका कालांतरानें खोटें बोलूं लागते. तिला ठराविक द्रावणांत बुडवून वेळोवेळीं खऱ्यावर आणावें लागतें आणि एक-दोन वर्षांनीं बदलावें लागतें. ही सर्व हानि शत्रु करीत नाहीं, राखणदारच करतो. कुंपणच शेत खातें म्हणतात तें हें.

मोठ्या संस्थाही यांतून सुटलेल्या नाहींत. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहराच्या मत्स्यालयाला २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील कॅटरिना वादळानें गांठलें. इमारत मोठी हानि न होतां उभी राहिली. परंतु शहराची वीज गेली, नोकरांना बाहेर काढावें लागलें, आणि राखीव जनित्र बंद पडलें. पाण्यांतील प्राणवायु सरला आणि हजारों मासे मेले. पेंग्विन व पाणमांजरें वांचलीं, कारण तीं हवेंत श्वास घेतात. २००६ सालीं तें मत्स्यालय पुन्हां उघडलें. तेथें यंत्रांची वाण नव्हती. शेवटचें यंत्र थांबल्यानंतर उपयोगी पडेल असा सांडवा मात्र नव्हता.

म्हणून नियंत्रक निवडणाऱ्यानें चार प्रश्न आधीं विचारावे. पहिला प्रश्न असा कीं, मधला मेंदू बंद पडला तर प्रत्येक कळ कोणत्या स्थितींत राहील? अपेक्समध्यें मेंदूशीं संबंध तुटल्यास प्रत्येक खुंटी चालू राहावी कीं बंद व्हावी हें आगाऊ सांगून ठेवतां येतें. हायड्रोसमध्यें अनेक नियंत्रक एकमेकांना जोडून कामाची वांटणी करतां येते. पंप चालू राहावा आणि हीटर बंद व्हावा, असें ज्या यंत्राला सांगतां येत नाहीं तें कितीही देखणें असलें तरी घेऊं नये. दुसरा प्रश्न, इंटरनेट गेलें असतां तें चालतें काय? वर्दी न पोहोंचणें क्षम्य आहे, काम थांबणें क्षम्य नाहीं. तिसरा प्रश्न विजेचा. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या खुंट्यांच्या पट्ट्या तेथील १२० व्होल्टसाठीं बनविलेल्या असतात. आपल्याकडे २३० व्होल्टची वीज आहे. परदेशांतील आप्तानें प्रेमानें आणून दिलेली पट्टी येथें थेट लावणें धोक्याचें. चौथा प्रश्न सुट्या भागांचा. शलाका, पट्टी आणि वीजपुरवठ्याचा डबा हीं तीन वस्तु कोठें आणि किती दिवसांत मिळतात? सोलापुरांत साधे माग पिढ्यानुपिढ्या चालले, कारण त्यांचा भाग गांवांत मिळे आणि फिटर हांकेच्या अंतरावर असे. जो भाग सातासमुद्रांपलीकडून यावयाचा, तो घरांत आधींच आणून ठेवलेला बरा.

आणि उत्तम नियंत्रक घेतला तरी सांडवा हवाच. एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान हीटर ठेवावे. एक चिकटून बसला तरी तो एकटा सगळें पाणी शिजवूं शकत नाहीं. एक बंद पडला तरी दुसरा थोडी ऊब राखतो. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून टाकूं नये. नियंत्रकाच्या मर्यादेहून एक-दोन अंश वर लावून तो दुसरा राखणदार म्हणून ठेवावा. पाणी भरणाऱ्या मोटरीची टांकी मोठी नसावी. ती सगळी रिती झाली तरी पेटी बिघडूं नये इतकीच असावी. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा, आणि घरांत इन्व्हर्टर असल्यास त्याच्यावर पहिला हक्क पाणी खेळविणाऱ्या पंपाचा, शेवटचा दिव्याचा. या साधनांना बुद्धि नाहीं, म्हणूनच त्यांची बुद्धि फिरतही नाहीं.

राहिला प्रश्न कंपनी बदलण्याचा. येथेंही मागाचा इतिहास उपयोगी पडतो. इंग्लंडांतील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स ही एके काळीं वस्त्रयंत्रांची जगप्रसिद्ध कंपनी होती. परंतु १९२९ सालीं तिनेंच टोयोडाच्या स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले. स्वतःच्या नांवाचा अभिमान बाळगणाऱ्या कारखानदारालाही दुसऱ्याचें चांगलें तें घ्यावें लागलें. केवळ सवयीच्या निष्ठेनें जुन्या छापाला चिकटून राहणें हें त्यामुळें शहाणपणाचें म्हणतां येत नाहीं. तथापि तो व्यवहार नव्या रंगासाठीं झाला नव्हता. सूत तुटतांच थांबणें या एका स्पष्ट गुणासाठीं झाला होता. बदलाचें कारण असेंच एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे.

तसें कारण तीन परिस्थितींत असतें. तोच बिघाड दुरुस्तीनंतरही पुन्हां पुन्हां होतो आणि त्याचें मूळ सांपडत नाहीं. कंपनी बंद झाली किंवा तिनें जुन्या यंत्राच्या शलाका विकणें सोडलें. अथवा बिघाडाच्या वेळीं कळा सुरक्षित स्थितींत ठेवण्याची सोय त्या यंत्रांत मुळींच नाहीं. यांतील एकही गोष्ट नसेल, तर बदल करूं नये. अधिक रंगीत पडदा, अधिक आलेख, शेजाऱ्यानें नवें घेतलें, हीं कारणें माशाच्या हिताचीं नव्हेत. जुन्या यंत्राचे दोष माहीत झालेले असतात. कोठें लक्ष ठेवावें हें मालकाला ठाऊक असतें. नव्या यंत्राचे दोष मासे गमावून शिकावे लागतात. पुष्कळदां दोष यंत्राचा नसतोच. जुनी शलाका, गंजलेली खुंटी किंवा ओलाव्यानें खराब झालेला जोड बदलला कीं तें पूर्ववत् चालतें. हजारों रुपयांचा निर्णय घेण्यापूर्वीं साध्या कांचेच्या तपमापकानें शलाकेची साक्ष तपासावी, एवढें तरी करावें.

आणि बदलावयाचेंच ठरलें तर तें एका रात्रींत करूं नये. प्रथम नव्या नियंत्रकाला केवळ पाहूं द्यावें. त्याच्या शलाका पाण्यांत असाव्या, पण हातीं एकही कळ नसावी. दोन्ही यंत्रांचे आंकडे पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ वहींत लिहावे. ते जुळले म्हणजे दिवे त्याच्याकडे द्यावे, कारण दिव्याच्या चुकीनें एका दिवसांत कोणी मरत नाहीं. मग पंखा, मग पाण्याची मोटर, आणि सर्वांत शेवटीं हीटर व औषधें घालणारे पंप. मधल्या काळांत एखाद्या रविवारीं, घरीं असतांना, मुद्दाम नियंत्रकाची वीज काढावी आणि प्रत्येक वस्तु काय करते हें डोळ्यांनीं पाहावें. शलाका पाण्याबाहेर काढून पाहावी. जी परीक्षा मालक समोर उभा राहून घेत नाहीं, ती परीक्षा तो परगांवीं असतांना आपण होऊन होते. हें सर्व सोलापुरांत मार्च ते मे या महिन्यांत कधींही करूं नये. पावसाळा लागल्यानंतर, हवा निवाल्यावर करावें. त्या दिवसांत चुकीला कांहीं तासांची सवड असते. उन्हाळ्यांत ती मिनिटांवर येते.

लंडनच्या त्या घरांतील मोलकरीण खिडकीपुढें उभी राहून पाणी ओतीत होती, तेव्हां ती पाण्याकडे पाहतही होती. प्रवाळ मिटलें आहे कीं फुललें आहे, पाण्याला वास येतो आहे काय, हें तिला न विचारतां समजे. यंत्रानें ओतण्याचें काम घेतलें, पाहण्याचें काम पूर्णपणें घेतलेलें नाहीं. फोनवर आंकडे ठीक दिसत असतांनाही मासा कोपऱ्यांत वर येऊन तोंड उघडझांप करीत असेल, तर साक्ष माशाची खरी धरावी.

हिप्परग्याच्या तलावाला दीडशे वर्षें होऊन गेलीं. अशा तलावाच्या मोरीवर कितीएक माणसें येतात आणि जातात, दारें गंजतात व दुरुस्त होतात; सांडवा मात्र आपल्या जागीं असतो. पावसाळ्यांत तलाव तुडुंब भरला कीं तो कोणाचीही परवानगी न घेतां वाहतो, आणि बाकीचे दिवस कोरडाच असतो.